विंध्यगिरीवरच्या दोन ओळी

आमच्या सांगलीकडच्या जैन घरांत श्रवणबेळगोळची यात्रा म्हणजे आधी गोमटेश्वर, मग बाकी सगळं. माझी नजर मात्र आधी मूर्तीच्या पायांशी जाते.

गंगराजा राचमल्लाचा मंत्री चामुंडराय याने इ.स. ९८१च्या सुमारास ही मूर्ती घडवून घेतली. सुमारे ५७ फूट उंच, एकसंध ग्रॅनाइट. दगड कुठून वाहून आणला नाही. विंध्यगिरीच्या माथ्यावरचाच खडक कोरत नेला. मांड्यांच्या वर मूर्तीला कसलाही टेकू नाही. खाली दोन्ही बाजूंना वारुळं कोरली आहेत, त्यांतून साप डोकावतात आणि वेली पायांवरून चढत थेट दंडांपर्यंत जातात. बाहुबली, म्हणजेच गोमटेश्वर, किती काळ निश्चल उभा होता हे त्यातून कळतं. आणि शिल्पीची हुशारी अशी की त्याच वारुळांनी पायांना भक्कम आधारही दिला.

वारुळांच्या दगडावर लेख आहेत. एका बाजूला कन्नड आणि तमिळ, दुसऱ्या बाजूला मराठी: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. तिथेच ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. हा गंगराज म्हणजे होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचं आवार त्याने बाराव्या शतकात बांधलं, म्हणजे त्याच्या नावाची ओळ नंतरचीच. चामुंडरायाची ओळही मूर्तीएवढी जुनी नसावी, असं काही अभ्यासक म्हणतात. कित्येक वर्षं आम्ही तिला ‘मराठीतला पहिला शिलालेख’ म्हणून मिरवलं. आता अक्षीच्या १०१२च्या लेखाचं नाव पुढे येतं. मला त्या भांडणात रस नाही. कर्नाटकातल्या डोंगरावर मराठी वाचणारे यात्रेकरू येणार, हे लिहवणाऱ्याने धरून चाललं होतं, हेच मला मोठं वाटतं.