उंदरांचे अंतःप्रजनित वंश आणि कर्करोग संशोधन

अंतःप्रजनित वंश म्हणजे सख्ख्या भावंडांचा संकर सलग किमान २० पिढ्या घडवून तयार केलेला प्राण्यांचा वंश होय. अशा एका वंशातील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. मात्र निरनिराळ्या वंशांत लक्षणीय फरक असतो. कर्करोग कोणत्या अवयवात व किती प्रमाणात होईल, हे बऱ्याच अंशी या फरकावर अवलंबून असते.

इतिहास

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये डीबीए या पहिल्या अंतःप्रजनित वंशाची पैदास सुरू केली. लिओनेल स्ट्राँग यांनी तयार केलेल्या सी३एच वंशाच्या माद्यांमध्ये स्तनकर्करोगाचे प्रमाण मोठे होते, तर लिटल यांच्या सी५७ ब्लॅक वंशात ते अत्यल्प होते. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवून दिले की, या रोगाचा एक घटक मातेच्या दुधातून पिल्लांकडे जातो. हा घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. मात्र विषाणूला बळी पडण्याची प्रवृत्ती वंशागणिक वेगळी असल्याने आनुवंशिकतेचे महत्त्व कायम राहिले.

महाराष्ट्रातील कार्य

मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी स्तनकर्करोगाची प्रवणता कमी-अधिक असलेल्या उंदरांच्या वंशांतील स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास केला. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आयसीआरसी हा स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक असलेला वंश विकसित झाला. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नामकरण झाले. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण पुरस्कार मिळाला. हे केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग झाले. त्याचे कार्य आता नवी मुंबईतील खारघर येथे चालते.

संशोधनावरील परिणाम

* रसायनजन्य कर्करोग: युरेथेन दिल्यास ए वंशाच्या उंदरांना फुप्फुसात अनेक गाठी होतात, सी५७ ब्लॅक/६ वंश त्यास बराच प्रतिकार करतो.
* सुधारक जनुके: ‘मिन’ हे उत्परिवर्तन सी५७ ब्लॅक/६ वंशात आतड्यात अनेक गाठी निर्माण करते. त्याच उत्परिवर्तनाच्या एकेआर वंशाशी झालेल्या संकरित संततीत गाठी बऱ्याच कमी आढळतात. म्हणजेच रोगकारक जनुक तेच असूनही इतर जनुकांमुळे परिणाम बदलतो.
* प्रत्यारोपण: एका वंशातील अर्बुद दुसऱ्या वंशाच्या उंदरात सहसा टिकत नाही, कारण प्रतिकारसंस्था त्यास परके मानते. यामागील जनुकांच्या शोधाबद्दल जॉर्ज स्नेल यांना १९८० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मर्यादा

एकाच वंशावरील प्रयोग हा जणू एकाच व्यक्तीच्या अनेक प्रतींवरील प्रयोग असतो. त्यामुळे निष्कर्ष सहज पडताळता येतात. परंतु त्या वंशात गुणकारी ठरलेले औषध जनुकीय विविधता असलेल्या मानवी रुग्णांत निष्प्रभ ठरू शकते. एकाच वंशाच्या उपवंशांतही कालांतराने फरक पडतात, उदा., सी५७ ब्लॅक/६ च्या ‘जे’ उपवंशात ‘एनएनटी’ जनुकाचा काही भाग गळालेला आहे. म्हणून वंश व उपवंशाचे पूर्ण नाव नोंदविणे आणि महत्त्वाचे निष्कर्ष एकाहून अधिक वंशांत तपासणे आवश्यक ठरते.