दारिद्र्यातील बाल्य आणि मराठी चित्रपट

खेड्यातील दारिद्र्याकडे मराठी चित्रपटाचे लक्ष फार लवकर गेले. परंतु त्या दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावयास त्याला पुष्कळ काळ लागला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात आहे. त्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. पौराणिक व ऐतिहासिक कथांत रमलेल्या पडद्यावर हे धाडसच होते. तथापि या चित्रपटातील दारिद्र्य ही प्रौढाची आपत्ती आहे. आधी काही होते आणि ते गेले, असे तिचे स्वरूप. जे मूल दारिद्र्यातच जन्मते, त्याला असे ‘आधी’ नसते. त्याची कथा निराळ्या रीतीने सांगावी लागते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला. राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्यास मिळाले. ग्वाल्हेरच्या वनमाला आईच्या आणि माधव वझे श्यामच्या भूमिकेत होते. कोकणातील एक घर कर्जापायी खचत जाते आणि त्या पडझडीतून एका मुलाचे मन घडत जाते, ही ती कथा. मूळ पुस्तकात ती सांगणारा श्याम प्रौढ झालेला आहे. दारिद्र्य मागे पडले आहे, आई गेली आहे, आणि उरला आहे तो त्या दिवसांचा अर्थ. स्मरणातून आलेले दारिद्र्य अशा रीतीने संस्काराची शाळा बनते. त्यातील अश्रू खोटे नाहीत. मात्र ते अर्थ सापडल्यानंतरचे अश्रू आहेत, हे विसरता येत नाही. याच पुस्तकात श्यामची आई त्याला एका अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून देण्यास सांगते आणि घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. करुणा आणि सोवळे यांचे असे एकत्र नांदणे त्या काळाच्या सत्याला धरूनच आहे. पण मोळी वाहणाऱ्या त्या म्हातारीच्या घरातील मूल काय पाहत होते, हा प्रश्न तेथे अनुच्चारितच राहिला.

पुढे दोनच वर्षांनी बंगालमध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला. पैशावाचून अडलेला तो चित्रपट अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने पुरा झाला. दुर्गेच्या मृत्यूनंतर अपूला तिने चोरलेली माळ सापडते आणि तो ती मुकाट्याने डबक्यात फेकून देतो. कोणी बोध करीत नाही. एका लहान मुलाने आपल्याला कळलेले आपल्यापाशीच ठेवलेले असते. चित्रपटगृहांच्या रूढ व्यवसायाबाहेर उभ्या राहणाऱ्या भारतीय दिग्दर्शकांना या एका प्रसंगाने पुष्कळ शिकविले असावे.

मराठीत या शिकवणीला भरघोस पीक येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ (२००८) मध्ये जुन्नरकडील एका शेतकऱ्याचा मुलगा आपला जायबंदी बैल खाटकाला विकू देत नाही. शेजारच्या आजारी म्हातारीवर औषधोपचार होतात, मग चितंग्यावर का नाहीत? टिंग्याचा हा प्रश्न बालिश वाटतो, पण बटाट्याच्या हंगामाचे आणि कर्जाचे गणित मांडणाऱ्या वडिलांपाशी त्याचे उत्तर नाही. मुलाला निरुत्तर करणारा प्रौढ आणि प्रौढाला निरुत्तर करणारे मूल, यांतील अंतर हेच ‘श्यामची आई’ आणि ‘टिंग्या’ यांतील अंतर होय.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) ही वाट शेवटापर्यंत नेली. मंजुळे मूळचे कवी. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात वाढलेले. त्यांचा जब्या एका सवर्ण मुलीवर मनोमन प्रेम करतो आणि तिचे मन वळवावे म्हणून काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. त्याच्या कुटुंबाच्या वाट्याला मात्र गावातील डुकरे धरण्याचे काम आलेले आहे. डुकराचा पाठलाग चालू असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सारे कुटुंब निश्चल उभे राहते, आणि डुक्कर निसटते. पुढे धरलेले डुक्कर काठीला टांगून नेले जाते, ते शाळेच्या भिंतीवरील आंबेडकर आणि सावित्रीबाई यांच्या चित्रांवरून. दिग्दर्शक येथे एका शब्दानेही भाष्य करीत नाही. दारिद्र्याला जात असते, हे ज्याने जगून पाहिले आहे त्याला ते मोठ्याने सांगावे लागत नाही.

शीर्षकाचाही विचार केला पाहिजे. ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. शब्द कैकाडी भाषेतला, म्हणजे द्राविडी कुळातला. मराठी चित्रपटाला मराठी माणसालाच न कळणारे नाव देणे हा चमत्कृतीचा हव्यास नव्हे. जबलपूरसारख्या हिंदी मुलखातील शहरात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या घरची भाषा एक व शाळेची दुसरी असू शकते; परंतु घरची भाषा उघडी पडली म्हणून त्याला मान खाली घालावी लागत नाही. जब्यावर ती वेळ येते. गावाच्या तोंडी ‘फँड्री’ हा शब्द शिवी होऊन त्याच्यावर येतो. अनुवादकाने अशा शब्दाचा प्रतिशब्द शोधला तर अर्थ हाती लागेल, पण घाव निसटेल.

अखेरीस टवाळखोरांवर जब्याने भिरकावलेला धोंडा सरळ प्रेक्षकाच्या रोखाने येतो आणि पडदा काळा होतो. ‘श्यामची आई’ पाहून प्रेक्षक डोळे पुसून घरी जात असे, आणि त्या अश्रूंत आपण श्यामच्या बाजूचे आहोत असा विसावा होता. ‘फँड्री’ तो विसावा काढून घेतो. कारण ही कथा सांगणारा दारिद्र्य ओलांडून आला असला, तरी त्याने आपल्या नायकाला ते ओलांडू दिलेले नाही. ज्याच्या बालपणाचा अर्थ अद्याप लागलेला नाही, त्याचे म्हणणे अर्थ न लावता ऐकणे, हे मराठी रसिकतेपुढील खरे काम आहे; आणि ते सुवर्णपदकांनी पुरे होणारे नाही.