पोटगीची थकबाकी आणि परवाना

मुलांच्या पोटगीची वसुली अमेरिकेत १९७५ पासून केंद्र सरकारने मनावर घेतली. नोकरदाराच्या पगारातून पैसे कापता येतात हो, पण स्वतःचा धंदा करणारा सुतार, वकील, ट्रकवाला यांचं काय? १९९३ मध्ये मेन राज्याने कायदा केला: थकबाकी भरा, नाहीतर परवाना जाईल. नुसत्या नोटिशीवरच बऱ्याच जणांनी पैसे भरले. १९९६ मध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने ही तरतूद सगळ्याच राज्यांवर बंधनकारक झाली. गाडीचा परवाना, धंद्याचा, अगदी शिकारीचासुद्धा!

आता आपण तत्त्वज्ञानवाले विचारणारच, 'देत नाही' आणि 'देऊ शकत नाही' हे एकच का? पैसे दडवणाऱ्याला हा चिमटा बरोबर बसतो. पण जिथे बस जात नाही, तिथला मजूर गाडीवाचून कामावर जाणार कसा? त्यात १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे साचलेली थकबाकी न्यायाधीशालाही मागाहून कमी करता येत नाही. आणि तिकडे मुलाची फी, दूध थांबत नाही, हेही आपण विसरू नये.

२०११ मध्ये टर्नर विरुद्ध रॉजर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की तुरुंगात टाकण्याआधी ऐपत नीट तपासा. परवान्याचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.