नवोदयच्या तयारीसाठी खासगी शिकवणी लावायची आहे? पैसे भरण्याआधी हे तपासा

मूल चौथीत गेले की हिमायतनगर, हदगाव, किनवट, भोकर या पट्ट्यात एक प्रश्न घरोघरी निघतो: नवोदयसाठी क्लास लावायचा का? सोयाबीन-कापसावर चालणाऱ्या घरात हा खर्च छोटा नसतो. त्यातच परीक्षा एकदाच देता येते, त्यामुळे "राहून जायला नको" या भीतीने पैसे भरले जातात. शिकवणीतून काय मिळते, काय मिळत नाही आणि फी देण्याआधी कोणते नियम माहीत हवेत, ते इथे पाहू.

थोडक्यात

• परीक्षेचा अर्ज मोफत आहे.
• जिल्ह्याच्या विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात.
• किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या. क्लाससाठी मुलाची शाळा बदलली तर हा हक्क जाऊ शकतो.
• निवडीची हमी कोणीही देऊ शकत नाही.

नवोदय म्हणजे काय?

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना देशभर पसरली. सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला निघाली. नांदेड जिल्ह्याचे विद्यालय बिलोली तालुक्यात शंकरनगर येथे आहे.

सहावी ते आठवीपर्यंत शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके मोफत असतात. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतले जातात. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थी यांना त्यातूनही सूट आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी हा दर १,५०० रुपये आहे.

परीक्षेत काय विचारतात?

दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण.

• मानसिक क्षमता: ४० प्रश्न, ५० गुण, ६० मिनिटे
• अंकगणित: २० प्रश्न, २५ गुण, ३० मिनिटे
• भाषा: २० प्रश्न, २५ गुण, ३० मिनिटे

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते.

निम्मे गुण आकृत्यांच्या प्रश्नांना आहेत: वेगळी आकृती ओळखा, अपूर्ण आकृती पूर्ण करा, आरशातील प्रतिमा, घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, लपलेली आकृती शोधा. शाळेच्या पुस्तकात हे प्रकार फारसे येत नाहीत, त्यामुळे मुलाला ते पहिल्यांदा अवघड वाटतात. पण प्रकार ठरलेले आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवल्या की हात बसतो. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते, म्हणून वेगाचा सराव लागतो.

शाळा न बदलण्याचा नियम

क्लासच्या जाहिरातीत सहसा न सापडणारी आणि सर्वांत महागात पडणारी गोष्ट हीच आहे.

ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत शिकलेली असावीत. या काळात एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला तरी तो शहरी उमेदवार धरला जातो. उरलेल्या सुमारे २५ टक्के जागा सर्वांसाठी खुल्या असतात आणि शहरी मुलाला तेवढ्यांतच स्पर्धा करावी लागते.

समजा सरसम किंवा कामारीच्या जिल्हा परिषद शाळेतले मूल "तिथे चांगला क्लास आहे" म्हणून पाचवीला नांदेडच्या शाळेत घातले. क्लासची फी, खोलीभाडे, जाणे-येणे हा खर्च वेगळाच, पण ग्रामीण कोटाही हातचा गेला. हिमायतनगर शहरात नगरपंचायत आहे. त्यामुळे शहरातील शाळेत शिकणारे मूल कोणत्या गटात मोजले जाईल, हे अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांकडून पक्के करून घ्या.

आणखी दोन अटी लक्षात ठेवा. मूल ज्या जिल्ह्यात राहते, त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावे. आणि ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. "पाचवी परत करू आणि पुन्हा बसवू" असा सल्ला कोणी दिला तर तो थेट अपात्र ठरवणारा आहे.

स्पर्धा किती?

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. ८० जागा भागल्या तर सरासरी एका तालुक्याला ५ जागा येतात. प्रत्यक्ष निवड आरक्षण, ग्रामीण-शहरी गट आणि गुण यांवर होते. किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. तरीही या सरासरीवरून अंदाज येतो. तालुक्यातल्या क्लासमध्ये शंभर मुले असतील तर त्यांतली बहुतेक निवडली जाणार नाहीत, शिकवणारे कितीही चांगले असले तरी.

म्हणून "आमची ६ मुले लागली" हे ऐकल्यावर लगेच विचारा: बसली किती होती?

फी ठरवताना हिशेब कसा करावा?

महिन्याची फी ऐकून निर्णय घेऊ नका. उदाहरण म्हणून समजा फी महिन्याला ८०० रुपये आहे आणि क्लास ८ महिने चालतो, तर ६,४०० रुपये झाले. त्यात पुस्तके, सराव परीक्षा आणि प्रवासखर्च मिळवा. मग तपासा:

• एका बॅचमध्ये मुले किती?
• आठवड्याला किती वेळा उत्तरपत्रिका तपासून चुका समजावतात?
• उत्तरपत्रिकेचे गोल पेनने भरण्याचा सराव वेळ लावून होतो का?
• फी हप्त्याने चालते का? पावती मिळते का?
• मध्येच सोडल्यास किती पैसे परत? हे लिहून घ्या.

वर्षाची फी एकदम भरू नका. एक महिना पाठवून मुलाच्या वहीत काय तपासले जाते ते पाहा.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेतले गुरुजी जादा तास मोफत घेत असतील तर ती वेगळी गोष्ट. आधी तिथेच चौकशी करा.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंग केंद्रांनी निवडीची हमी देऊ नये, १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. त्या अमलात आणणे राज्यांवर सोडलेले आहे. मात्र खोट्या जाहिरातीबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक गैरसमजही दूर करू. साध्या शाळेत प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेणे याच कायद्याच्या कलम १३ नुसार बेकायदा आहे. नवोदय आणि सैनिकी शाळा यांना त्यातून वगळले आहे. म्हणून "इंग्रजी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी" शिकवणी लावण्याची गरजच नाही.

निवड झाली नाही तर पैसे वाया गेले का?

पूर्णपणे नाही. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ३०० पैकी २०० गुण गणित आणि बुद्धिमत्तेला असतात. पुढे आठवीला एनएमएमएस परीक्षा येते. त्यात पात्र ठरल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिथेही हीच तयारी लागते.

पण कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून क्लास लावू नका. जुन्या प्रश्नपत्रिका, एक घड्याळ आणि रोज तासभर शेजारी बसणारे कोणीतरी, एवढ्यावरही तयारी होते. अकरावी-बारावीत शिकणारी ताईसुद्धा हे काम करू शकते. आणि निकाल काहीही लागो, दहा वर्षांच्या मुलाला "तुझ्यावर इतके पैसे घातले" हे ऐकवू नका.