कोळशाचे डोंगर आणि मागे राहिलेली धूळ

न्यू वृंदावनचा सुवर्णमहाल पाहायला आपल्यापैकी बरेच जण वेस्ट व्हर्जिनियात जाऊन आले असतील. त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, ॲपलाचियन डोंगरांत मॅक्डॉवेल काउंटी आहे. तिकडे आपण सहसा वळत नाही. १९५० च्या जनगणनेत तिथे ९८,८८७ लोक होते. २०२० मध्ये उरले १९,१११.

एके काळी इथली गावेच कोळसा कंपन्यांच्या मालकीची होती. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टरही कंपनीचा. मजुरीचा काही भाग 'स्क्रिप' नावाच्या बिल्ल्यांत मिळे आणि ते कंपनीच्याच दुकानात चालत. युनियनमध्ये गेलात की घर खाली करा! अशाच घरखालीवरून १९२० मध्ये मेटवानला गोळीबार झाला, दहा माणसे गेली.

पुढे १९५० च्या करारात जॉन एल. लुईस यांच्या युनियनने यंत्रे स्वीकारली. बदल्यात दर टनामागे आरोग्य व पेन्शन निधीला मिळणारी रक्कम वाढली. कोळसा निघत राहिला, माणसे मात्र कमी लागू लागली. हजारो कुटुंबे डेट्रॉईट, क्लीव्हलंड, अॅक्रनकडे गेली. ओहायोतल्या आपल्या मंडळींच्या शेजाऱ्यांचे आजोबा कदाचित इथलेच असतील.

जे राहिले त्यांच्या छातीत धूळ साठत गेली. या आजाराला तिथे 'ब्लॅक लंग' म्हणतात. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण दगावले, पाठोपाठ १९६९ मध्ये ब्लॅक लंगसाठी मोठा संप झाला, आणि त्याच वर्षी धुळीवर मर्यादा व भरपाई देणारा कायदा आला. आजार ओसरलाही होता. पण जाड थर संपले. आता पातळ थरांसाठी यंत्र खडकही कापते आणि त्यातली सिलिका कोळशाच्या धुळीहून घातक असते. २०१८ च्या पाहणीत या भागातल्या २५ वर्षे वा अधिक काम केलेल्या दर पाच खाणकामगारांत एकाला हा आजार आढळला. सिलिकेची मर्यादा निम्म्यावर आणणारा नियम २०२४ मध्ये निघाला खरा, पण २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडली.

या डोंगराळ गावांतल्या दवाखान्यांत भारतीय डॉक्टर बरेच आहेत. जे-१ व्हिसाच्या सवलतीमुळे कित्येक जण तिथे गेले. त्यांच्यासाठी एवढे नोंदवतो: जमिनीखाली १५ वर्षे काम केलेल्या आणि श्वसनाच्या विकाराने पूर्ण अपंग झालेल्या कामगाराचा आजार खाणीमुळेच झाला, असे २०१० पासून कायदा पुन्हा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची.