तिकीट देतं कोण? अमेरिकेच्या प्रायमरीची गोष्ट

आजचा भाग एका प्रश्नाबद्दल आहे. तो प्रश्न माझा नाही, आमच्या मेसवाल्या काकांचा आहे.

4 जानेवारी 2008, शुक्रवार. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होतो, कॉट बेसिसवर राहायचो. सकाळी आठच्या सुमारास मेसमध्ये पोहे खात बसलो होतो. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती. टीव्हीवर आयोवा नावाच्या राज्याची बातमी सुरू झाली. बराक ओबामा पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि हिलरी क्लिंटन थेट तिसऱ्या!

काकांनी विचारलं, "हा जिंकला म्हणजे राष्ट्राध्यक्ष झाला का रे?"

"नाही काका. अजून पक्षाचा उमेदवारच ठरतोय."

"मग तिकीट देतं कोण?"

मी म्हटलं, "लोक."

काका हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. त्यांनी वीस वर्षं एका पक्षासाठी सतरंज्या उचलल्या होत्या. आदल्याच वर्षी झालेल्या महापालिका निवडणुकीत तिकीट त्यांनाच मिळणार, असं अख्खा वॉर्ड म्हणत होता. शेवटच्या दिवशी एबी फॉर्म निघाला तो भलत्याच्याच खिशातून. का, कुणी, कुठे बसून ठरवलं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "लोक तिकीट देतात," हे वाक्य त्यांना थट्टाच वाटलं असणार.

मग मी ती प्रायमरी पाच महिने फॉलो केली. मला ना तिथे मत होतं, ना तिथे कुणी नातेवाईक. पण काकांना उत्तर द्यायचं होतं.

आधी आयोवाचं सांगतो. तिथे साधं मतदान नव्हतं, कॉकस होतं. म्हणजे काय, तर संध्याकाळी सात वाजता आपापल्या भागातले लोक शाळेच्या जिममध्ये, चर्चमध्ये, हॉलमध्ये जमणार. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये तर गुप्त मतदानही नाही. ओबामावाले या कोपऱ्यात, हिलरीवाले त्या कोपऱ्यात, असं उघड उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी ज्याच्या कोपऱ्यात 15 टक्क्यांपेक्षा कमी माणसं, त्याचा गट बाद. मग बाकीचे शेजारी येऊन त्या लोकांना आपल्याकडे ओढणार. आपल्या ग्रामसभेत हात वर करतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे ठरतंय देशाच्या सर्वोच्च पदाचं तिकीट.

पाचच दिवसांत न्यू हॅम्पशायरमध्ये साध्या गुप्त मतदानात हिलरी जिंकल्या. पुढे 4 मार्चला टेक्सासमध्ये तर कमालच झाली. दिवसा मतदान, संध्याकाळी कॉकस. मतदानात हिलरी पुढे, पण दोन्ही मिळून डेलिगेट जास्त कुणाला? ओबामांना! डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. सगळी लढाई त्यांच्या संख्येची असते.

हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात पेपरात एक शब्द आला: सुपरडेलिगेट. हे होते खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. एकूण चार हजारांवर डेलिगेट, त्यातले जवळपास 800 हे असे. यांना कुणी निवडून पाठवलेलं नाही आणि यांनी कुणालाही मत द्यावं.

काका म्हणाले, "म्हणजे हायकमांड आहेच की!"

मला उत्तर देता येईना. ते सापडलं 1968 मध्ये. आता आपण चाळीस वर्षं मागे जाऊ.

1968 साली प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत असत. बाकी ठिकाणी डेलिगेट कोण, हे राज्यातले पक्षनेते ठरवायचे. काही डेलिगेट तर निवडणुकीचं वर्ष उजाडण्याआधीच ठरून गेलेले असायचे. त्या वर्षी व्हिएतनाम युद्ध पेटलं होतं. यूजीन मॅकार्थी हे सिनेटर युद्धाच्या विरोधात उभे राहिले आणि कॉलेजची पोरं त्यांच्यासाठी दारोदार फिरली. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध मॅकार्थींनी तब्बल 42 टक्के मतं घेतली. चार दिवसांत रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. 31 मार्चला जॉन्सन यांनी टीव्हीवर सांगून टाकलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये केनेडी कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकले आणि त्याच रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

ऑगस्टमध्ये शिकागोला अधिवेशन भरलं आणि तिकीट मिळालं उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना. ते एकाही प्रायमरीत उतरले नव्हते! तरी पहिल्याच फेरीत निवडून आले, कारण पक्षनेते त्यांच्या बाजूने होते. त्याच संध्याकाळी, 28 ऑगस्टला, बाहेर रस्त्यावर पोलीस युद्धविरोधी निदर्शकांना लाठ्यांनी झोडपत होते आणि देश ते टीव्हीवर बघत होता. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून साधारण पाच लाख मतांनी हरले. एवढ्या मोठ्या देशात हा फरक एक टक्काही नाही.

पण इथे एक गंमत आहे. ज्या अधिवेशनात हे घडलं, त्याच अधिवेशनाने नियम तपासायला समिती नेमायचं ठरवलं. ती मॅकगव्हर्न-फ्रेझर समिती. तिने सांगितलं की डेलिगेट निवडीचे नियम लेखी हवेत, बैठकीची वेळ आणि जागा आधी जाहीर हवी, निवड त्याच वर्षी हवी. हे सगळं पाळायचा सोपा मार्ग कोणता? प्रायमरी! म्हणून राज्यामागून राज्यं तिकडे वळली. आज आपण बघतो ती प्रायमरी म्हणजे शिकागोच्या त्या रात्रीनंतर केलेली डागडुजी आहे.

ती डागडुजी काही निर्दोष नव्हती. 1972 मध्ये याच नियमांनी जॉर्ज मॅकगव्हर्न स्वतः उमेदवार झाले आणि 50 पैकी 49 राज्यांत हरले. 1980 मध्ये जिमी कार्टरही हरले. मग नेते म्हणाले, सगळंच लोकांवर सोडलं तर असं होतं. म्हणून 1984 पासून सुपरडेलिगेट आले. म्हणजे काका अगदी चुकीचे नव्हते. हायकमांड मागच्या दाराने परत आलं होतं.

पण 2008 मध्ये त्या दारापाशी काय झालं ते ऐका. सुरुवातीला बाजू जाहीर केलेल्या सुपरडेलिगेटपैकी बहुतेक हिलरींकडे होते. त्यातले एक जॉन लुईस. नागरी हक्कांच्या चळवळीत डोकं फुटेपर्यंत मार खाल्लेला माणूस आणि जॉर्जियाचा खासदार. त्यांच्या मतदारसंघाने ओबामांना कौल दिला. लुईस यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस जाहीरपणे बाजू बदलली. हळूहळू बाकीचेही वळले. 7 जूनला हिलरींनी प्रचार थांबवून ओबामांना पाठिंबा दिला. ओबामांनी उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण केलं ती तारीख होती 28 ऑगस्ट 2008. हम्फ्रींच्या निवडीला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षं झाली होती.

हे लुईसचं काकांना सांगितलं, तेव्हा ते गप्प झाले. मग एवढंच म्हणाले, "आमच्याकडे निदान सांगायला तरी यायला हवं होतं कुणी."

मंडळी, मला वाटतं सगळी गोष्ट याच वाक्यात आहे. प्रायमरीतून चांगलाच माणूस निवडला जातो असं अजिबात नाही. तिथे पैसा आहे, आरडाओरडा आहे, आयोवासारखं छोटं राज्य उगाच डोक्यावर बसतं. पण हरलेल्याला आपण का हरलो हे आकड्यांत दिसतं, आणि ज्याने तिकीट दिलं त्याला तोंड लपवता येत नाही.

2018 मध्ये पक्षाने पुन्हा नियम बदलला. स्पर्धा असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही. हा निर्णय झाला कुठे? शिकागोत! आणि मग आलं 2024. जो बायडन यांनी जवळजवळ सगळ्या प्रायमरी जिंकल्या आणि 21 जुलैला माघार घेतली. डेलिगेटांनी ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवार केलं. त्या वर्षी त्या कुठल्याही प्रायमरीत नव्हत्या. अधिवेशन ऑगस्टमध्ये, परत शिकागोलाच.

काका आता गावी असतात. त्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मग या वेळी तिकीट कुणी दिलं?"

मी म्हटलं, "काका, तिकडचे लोकही हेच विचारतायत."

"विचारू देत," काका म्हणाले. "विचारायला मिळतंय ना, ते काय कमी आहे?"

तुमच्या वॉर्डात मागच्या वेळी तिकीट कुणी दिलं, हे तुम्हाला माहिती आहे का? नसेल, तर एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!