बोट मिळण्याआधीचा इतिहास: धोबीतलावच्या कुडी आणि आपले संशोधन-प्रश्न

‘परदेशातली नोकरी’ या विषयावर संशोधन करायचं ठरवलंत, की पहिला आराखडा बहुतेक वेळा असा तयार होतो: माणूस गेला, तिथे काम केलं, घरी पैसे पाठवले, परत आला किंवा तिकडेच राहिला. यात एक टप्पा सरळ गळतो. नोकरी शोधण्याचा. तो महिन्यांचा असतो, कधी वर्षांचाही. त्या काळात माणूस कुठे राहतो, कोणाच्या पैशावर जेवतो, कोणाच्या दारात उभा राहतो? आज एका ठोस उदाहरणातून हा टप्पा कसा वाचायचा ते बघू. उदाहरण मुंबईचं आहे: बोटीवर काम शोधणारे गोव्याचे आणि रत्नागिरीचे खलाशी.

आधी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या बोटी वाढल्या, १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि ब्रिटिश कंपन्यांना स्वस्त मनुष्यबळ हवं होतं. हिंदी खलाशांना ‘लास्कर’ म्हणत. त्यांचे करार वेगळे असत. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा, आणि कराराचा शेवट सहसा हिंदुस्थानातल्या बंदरातच, म्हणजे लंडनला उतरून तिथे जास्त पगाराची बोट धरता येऊ नये. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश बोटींवर असे सुमारे ५० हजार लोक होते.

बोटीवरच्या कामाची वाटणीही गावांनुसार झालेली होती. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरी, कच्छ, काठियावाडकडचे लोक, इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्द प्रांताकडचे, आणि सलून विभागात, म्हणजे स्वयंपाक आणि प्रवाशांची सरबराई यांत, प्रामुख्याने गोव्याचे ख्रिस्ती. डेकवर सारंग आणि त्याच्या हाताखाली टिंडाल, सलूनमध्ये बटलर. माणसं निवडण्यात या मुकादमांचा शब्द चालायचा.

आता गोवेकर खलाशाकडे नीट बघा. तो पोर्तुगीज प्रजाजन. ब्रिटिश मुंबईत आला की तो परक्या राज्यात आलेला असतो. तिथून बोट धरून तो आणखी दूर जाणार असतो. म्हणजे ‘परदेश’ त्याच्यासाठी मुंबईतच सुरू झालेला. आपल्या आजच्या नकाशावर हा प्रवास ‘गोवा ते मुंबई, देशांतर्गत’ असा दिसतो, पण १९६१ पर्यंत तो तसा नव्हता. स्थलांतरावर काम करताना सीमा त्या काळातली घ्यायची, आजची नाही, हे एवढ्यासाठीच.

मुंबईत या लोकांनी उभी केलेली संस्था म्हणजे कूड. कोकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावाची एकेक कूड. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कितीतरी होत्या, काही अजून आहेत. भिंतीकडेला ट्रंका, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजरी. वर्गणी माफक. बोटीवरून उतरलेला आणि बोटीची वाट बघणारा, दोघेही इथेच. कुठल्या कंपनीत जागा आहे, कोणता बटलर माणसं घेतोय, ही बातमी इथेच फिरायची. आजच्या भाषेत वसतिगृह, रोजगार कचेरी आणि पतपेढी, तिन्ही थोडं थोडं.

वाट बघायला लागायची, कारण कामांपेक्षा माणसं कितीतरी जास्त होती. अशा ठिकाणी जे होतं तेच झालं. दलाल आला, लाच आली. खलाशाकडे आधीच्या नोकऱ्यांची नोंद असलेलं पुस्तक असे, बोलीत त्याला ‘नळी’ म्हणत. पण नुसत्या नळीवर बोट मिळेलच असं नाही. १९२० साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने जिनोआ येथे ठराव संमत केला की खलाशांना काम मिळवून देण्यासाठी पैसे घेण्याचा धंदा चालू नये. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने खलाशी-भरतीवर समिती नेमली. १९३१ साली रॉयल कमिशनच्या अहवालातही भरतीतल्या लाचखोरीची तक्रार आहेच. कागद वाढले, मुकादमाची पकड मात्र फारशी सुटली नाही.

इथे थांबा. हे सगळे कागद वाचले की एक गोष्ट सहज तयार होते: खलनायक म्हणजे देशी दलाल आणि सारंग, कंपनी आणि सरकार बिचारे सुधारणा करू पाहतायत. ही गोष्ट कोणाच्या सोयीची आहे हे विचारायला हवं. दलालामार्फत भरती कंपनीला परवडत होती. वाट बघण्याचा खर्च कंपनीच्या खात्यावर कधीच पडत नव्हता. तो पडत होता कुडीवर, उधारीवर आणि गावाकडे शेत सांभाळणाऱ्या बायकांवर. दुसरीकडे, तोच सारंग आगाऊ पैसेही द्यायचा, ओळखही द्यायचा. शोषण होतंच, पण खलाशी त्याच्याकडे का जात होता, हे नुसत्या ‘लाच’ या शब्दातून कळत नाही. जी. बालचंद्रन यांचं ‘ग्लोबलायझिंग लेबर?’ आणि रवी आहुजा यांचे लेख या दृष्टीने जरूर वाचा.

आता पुराव्याकडे. ब्रिटिश बोटींच्या खलाशी-याद्या हे मोठं साधन आहे: नाव, वय, जन्मगाव, हुद्दा, आधीची बोट. १९१५ सालच्या याद्या तर इंटरनेटवर मोफत शोधता येतात. बऱ्याच जुन्या याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सागरी इतिहास संग्रहात आहेत. पण दोन अडचणी लक्षात ठेवा. एक, लास्करांचे करार वेगळे असल्यामुळे पुष्कळदा मुख्य यादीत त्यांची नावं सापडत नाहीत. दुसरी अडचण मोठी आहे: यादीत नाव येतं ते काम मिळालेल्याचं. सहा महिने धोबीतलावला बसून गावी परत गेलेला माणूस कुठल्याच यादीत नाही. फक्त याद्यांवर प्रबंध लिहिलात, तर तो यशस्वी उमेदवारांचा इतिहास होईल.

मग न मिळालेल्यांना शोधायचं कुठे? रॉयल कमिशनपुढच्या साक्षींचे छापील खंड वाचा. अहवालापेक्षा त्यात माणसं जास्त बोलतात. कुडीकडे सभासदांच्या आणि वर्गणीच्या जुन्या वह्या असतील तर विचारा: वर्गणी थकली कोणाची, किती महिने? तीच तुमची बेकारीची नोंद. घरच्या म्हाताऱ्या माणसांना ‘बोटीवर काय केलं’ असं विचारण्याआधी ‘बोट मिळेपर्यंत काय केलं’ असं विचारा. उत्तरं वेगळी येतात.

आणि हा विषय जुना झालेला नाही. खलाशांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात पुन्हा तोच नियम आहे: नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. १९२० चा नियम २००६ मध्ये परत लिहावा लागतो, याचा अर्थ मधल्या काळात कोणीतरी पैसे भरत राहिलं. आखातात, जहाजावर किंवा युरोपात काम शोधणाऱ्या आजच्या माणसावर तुम्ही लिहिणार असाल, तर पहिला प्रश्न हाच ठेवा: वाट बघण्याचा खर्च कोणी उचलला? आराखड्यात त्यासाठी एक वेगळं प्रकरण राखून ठेवा. पार्श्वभूमीच्या दोन परिच्छेदांत तो मावत नाही.